ओस्त्रावाची अठरा मुले आणि युरोप परिषदेचे दार

चेक प्रजासत्ताकात ओस्त्रावा नावाचे मोठे औद्योगिक शहर आहे. १९९६ ते १९९९ या काळात तेथील रोमा समाजाच्या अठरा मुलामुलींना 'विशेष शाळे'त घालण्यात आले. 'विशेष' हा शब्द कानाला बरा वाटतो. पण त्या शाळा होत्या मतिमंद ठरविलेल्या मुलांसाठी. तेथला अभ्यासक्रम कमी, अपेक्षा त्याहून कमी, आणि तेथून बाहेर पडलेल्या मुलाला हातकामाच्या शिक्षणापलीकडचे दार जवळजवळ बंदच. कोण मतिमंद आणि कोण नाही हे ज्या चाचण्यांवर ठरत होते, त्या बहुसंख्य समाजाची मुले डोळ्यांपुढे ठेवून बनविलेल्या होत्या. रोमा मुलाच्या घरची भाषा निराळी, राहणी निराळी. मूल चाचणीत अडखळले की शिक्का बसला!

हे वाचताना आमच्या वाचकांना तो देश परका वाटणार नाही. शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागलेला विद्यार्थी पुढे या देशाच्या घटनेचा शिल्पकार झाला, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगेल. ओस्त्रावाच्या मुलांना वेगळे गोणपाट दिले नाही. वेगळी शाळाच दिली.

परंतु ही माणसे गप्प बसली नाहीत. आपल्या देशातील न्यायालयांनी दाद दिली नाही तेव्हा त्यांनी देशाबाहेरील एका न्यायालयाचे दार ठोठावले आणि आपल्याच सरकारला तेथे उभे राहून उत्तर द्यायला लावले. असे दार युरोपात कोणी उभारले, ते गरिबाला उघडते कसे, आणि आत गेलेल्याच्या पदरात शेवटी काय पडते, हे समाजबांधवांनी समजून घ्यावे म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

रोमा कोण?

युरोपात ज्यांना 'जिप्सी' म्हणून हिणवले गेले तेच हे रोमा लोक. जिप्सी हा शब्द त्यांच्यापैकी अनेकांना अपमानाचा वाटतो. ते स्वतःला रोमा म्हणवितात. युरोपभर त्यांची संख्या एक कोटी ते एक कोटी वीस लाखांच्या घरात धरली जाते. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले, हे भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या बोलीवरून सिद्ध केले आहे. घरातील शाळकरी मुलांनी हे शब्द मोठ्याने वाचून पाहावेत. रोमा लोक पाण्याला 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नख', दाताला 'दांद', काळ्याला 'कालो', माणसाला 'मनुश'. दोनला 'दुई', तीनला 'त्रिन', दहाला 'देश', विसाला 'बिश'. हजार वर्षे आणि हजारो मैल तुडवूनही या शब्दांनी आपली वाट सोडली नाही.

या लोकांच्या वाट्याला काय आले? आजच्या रोमानियाचा भाग असलेल्या वालाकिया आणि मोल्दाविया या प्रांतांत ते शतकानुशतके गुलाम होते. जमीनदार, राजे आणि मठ त्यांची खरेदी-विक्री करीत. ती गुलामी कायद्याने सुटली १८५५ आणि १८५६ साली. पुढे हिटलरच्या नाझी राजवटीत लाखो रोमांना ठार मारण्यात आले. अभ्यासकांचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झच्या छळछावणीत चार हजारांहून अधिक रोमा स्त्री-पुरुष-मुलांना विषारी वायूच्या कोठड्यांत घालून संपविले. ज्यूंच्या संहाराची जगाने दखल घेतली. रोमांच्या संहाराला संहार म्हणायला मात्र कित्येक वर्षे लागली.

८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ रोमांची पहिली जागतिक परिषद भरली. निळ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या आपल्या ध्वजाच्या मधोमध त्यांनी सोळा आऱ्यांचे चक्र घेतले. त्यांचे पूर्वज कोणत्या जातीचे होते, यावर विद्वानांचे वाद आहेत. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. नाते रक्ताचे असो वा नसो, वेशीबाहेरच्या जगण्याचे नक्कीच आहे.

दोन महायुद्धांच्या राखेतून

आता त्या दाराकडे वळू. युरोपातील राष्ट्रांनी सुमारे तीस वर्षांत दोन महायुद्धे लढली. लाखो घरे बेचिराख झाली. त्यानंतर शहाण्या माणसांच्या एक गोष्ट ध्यानात आली : जे सरकार आपल्याच नागरिकांना तुडविते, तेच उद्या शेजाऱ्यावर चालून जाते. म्हणून एखाद्या देशात माणसाला कसे वागवले जाते, हा केवळ त्या देशाचा घरगुती मामला राहू शकत नाही.

या विचारातून ५ मे १९४९ रोजी लंडन येथे दहा राष्ट्रांनी सह्या करून 'युरोप परिषद' स्थापन केली. तिचे मुख्यालय फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग शहरात ठेवले. ही निवडही बोलकी आहे. हे शहर फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवर, ऱ्हाईन नदीकाठी वसलेले. १८७१ ते १९४५ या पाऊणशे वर्षांत ते दोन देशांत चार वेळा फिरले. ज्या मातीसाठी रक्त सांडले तेथेच एकत्र बसायचे ठरले.

वाचकांनी एक गल्लत टाळावी. युरो नाणे आणि सामाईक बाजारपेठ चालविणारा 'युरोपीय संघ' वेगळा, त्यात २७ देश आहेत. युरोप परिषद वेगळी, तिचे ४६ सदस्य आहेत. निळ्या पार्श्वभूमीवर बारा सोनेरी ताऱ्यांचा ध्वज मूळचा परिषदेचा, तो तिने १९५५ साली स्वीकारला. संघाने तो नंतर घेतला.

परिषदेचे काम मुख्यतः तीन अंगांनी चालते. सदस्य देशांच्या परराष्ट्र मंत्र्यांची एक समिती आहे. प्रत्येक देशाच्या संसदेतून आलेल्या प्रतिनिधींची एक सभा आहे. आणि तिसरे अंग म्हणजे मानवी हक्कांचे न्यायालय. परिषदेजवळ सैन्य नाही, पोलीस नाहीत. तिचे हत्यार एकच : लेखी करार. औषधांचा दर्जा सर्वत्र एकसारखा असावा, कोठडीतील कैद्यांचा छळ होऊ नये, कामगाराला सामाजिक हक्क मिळावेत, अशा नाना विषयांवर तिने दोनशेहून अधिक करार घडवून आणले.

संस्कृती म्हणजे नाचगाणे नव्हे

संस्कृतीचे काम परिषदेने आरंभापासून महत्त्वाचे मानले. १९५४ साली पॅरिस येथे सांस्कृतिक करार झाला. एकमेकांच्या भाषा आणि इतिहास शिकावेत, समान वारसा जपावा, हा त्याचा गाभा. इतिहासाच्या पुस्तकांतून शेजारी देशाविषयीचा द्वेष कमी कसा होईल, यावर परिषदेने शिक्षकांना आणि अभ्यासकांना एकत्र बसविले. १९८७ पासून अनेक देशांतून जाणारे 'सांस्कृतिक मार्ग' ठरविण्याची पद्धत सुरू केली.

पण संस्कृती कोणाची? राजवाड्यांची आणि मोठमोठ्या प्रार्थनामंदिरांचीच काय? हा प्रश्न आपण आपल्या देशात नेहमी विचारतो, आणि युरोपातही तो विचारला गेला. १९९२ साली परिषदेने अल्पसंख्य भाषांसाठी सनद केली, १९९५ साली राष्ट्रीय अल्पसंख्यांकांसाठी करार केला. रोमा लोकांना स्वतःचा प्रांत नाही. ते सर्वत्र विखुरलेले. तरीही त्या सनदेखाली अनेक देशांना रोमानी भाषेला मान्यता द्यावी लागली. परिषदेच्या संसदीय सभेने १९९३ साली रोमांना खऱ्या अर्थाने युरोपीय अल्पसंख्य समाज म्हणून गौरविले. २०१७ साली परिषद आणि रोमा कार्यकर्ते यांच्या पुढाकाराने बर्लिन येथे रोमा कला व संस्कृतीची संस्था उभी राहिली. २०२० साली मंत्रिसमितीने सर्व सदस्य देशांना शिफारस केली की, रोमांचा इतिहास शाळेच्या पाठ्यपुस्तकांत यावा.

हे सारे शोभेचे आहे असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या मुलाच्या आजोबांचा इतिहास पुस्तकात नसतो, त्या मुलाला वर्गात मागे ढकलणे सोपे जाते.

दार उघडते कसे?

आता मुख्य गोष्ट. ४ नोव्हेंबर १९५० रोजी रोम येथे मानवी हक्कांच्या युरोपीय करारावर सह्या झाल्या. तो १९५३ साली अमलात आला आणि १९५९ साली न्यायालय स्थापन झाले. जगात हक्कांच्या याद्या पुष्कळ आहेत. या कराराचे वेगळेपण असे की, हक्क मोडला तर सामान्य माणूस स्वतः फिर्याद करू शकतो. सुरुवातीला त्याला सरकारची संमती आणि मधला आयोग असे अडसर होते. १ नोव्हेंबर १९९८ पासून ते दूर झाले. तेव्हापासून कोणाही माणसाला थेट न्यायालयाकडे जाता येते.

अटी साध्या आहेत. आधी आपल्या देशातील न्यायालयांचा मार्ग संपवावा लागतो. शेवटच्या निकालानंतर ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, २०२२ पासून चार महिने झाली. अर्जाला फी नाही. पहिला अर्ज आपल्या देशाच्या राजभाषेत लिहिला तरी चालतो. प्रत्येक सदस्य देशामागे एक न्यायाधीश असतो. पण तो आपल्या देशाचा वकील म्हणून बसत नाही. निकाल लागला की तो अमलात आला की नाही, यावर मंत्रिसमिती नजर ठेवते.

येथे आम्हाला बाबासाहेबांची आठवण होते. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी, नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागू देणाऱ्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले. आज ते ३२ वे कलम आहे. हक्क लिहून ठेवणे निराळे आणि तो मिळविण्याचा उपाय हाती देणे निराळे, हे त्या महामानवाने ओळखले होते. युरोपच्या कराराचे बळही याच मर्मात आहे.

अठरा मुलांचा खटला

ओस्त्रावाच्या मुलांचा अर्ज २००० साली स्ट्रासबूर्गला गेला. बुडापेस्ट येथील रोमा हक्कांसाठी लढणारी संस्था आणि वकील त्यांच्या पाठीशी होते. त्यांनी केवळ दुःख सांगितले नाही. आकडे गोळा केले. शहरातील एकूण प्राथमिक विद्यार्थ्यांत रोमा मुले होती २.२६ टक्के; पण विशेष शाळांत मात्र ती होती ५६ टक्के! रोमेतर मुलांपैकी १.८ टक्के मुले विशेष शाळेत होती, तर रोमा मुलांपैकी निम्म्याहून अधिक. म्हणजे रोमा मूल अशा शाळेत जाण्याचा संभव इतरांच्या सत्तावीस पट होता.

सरकारचे म्हणणे होते : कायदा सर्वांना सारखाच आहे, चाचणी सारखीच आहे, आणि आईबापांनी स्वतः संमतीच्या सह्या केल्या आहेत. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिला निकाल मुलांच्या विरुद्ध गेला. तरी त्यांनी हिंमत सोडली नाही. प्रकरण सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठापुढे नेले. १३ नोव्हेंबर २००७ रोजी तेरा विरुद्ध चार मतांनी निकाल मुलांच्या बाजूने लागला.

या निकालातील तीन गोष्टी प्रत्येक आंबेडकरी घराने लक्षात ठेवाव्यात. पहिली : नियम वरून सर्वांना सारखा दिसत असला, पण त्याचा मार एकाच समाजावर पडत असेल, तर तोही भेदभावच. दुसरी : असा भेदभाव दाखविण्यासाठी अधिकाऱ्याच्या मनातील द्वेष सिद्ध करावा लागत नाही, विश्वासार्ह आकडे पुढे आले की उत्तर देण्याची जबाबदारी सरकारवर येते. तिसरी : गरीब, कमी शिकलेल्या आईबापांनी परिणाम न कळता केलेली सही ही खरी संमती नव्हे, आणि वंशभेदापासून संरक्षण हा हक्क सही करून सोडताच येत नाही.

पुढे २०१० साली क्रोएशियातील केवळ रोमा मुलांच्या वर्गांविरुद्ध निकाल लागला. २०१३ साली हंगेरीतील दोन रोमा तरुणांनी, आपल्याला चुकीच्या चाचणीवरून मतिमंदांच्या शाळेत घातले, असे सिद्ध केले. एका शहरातील लढा अनेक देशांतील मुलांच्या कामी आला.

निकालानंतरची लढाई

परंतु बंधुभगिनींनो, येथे टाळ्या वाजवून थांबणे बरोबर नाही. त्या अठरा जणांचा जन्म १९८५ ते १९९१ या काळातला. निकाल लागला तेव्हा ती मुले राहिलीच नव्हती. सोळा ते बावीस वर्षांची झाली होती. प्रत्येकाला चार हजार युरो भरपाई मिळाली. गेलेली शाळा कोणी परत दिली नाही. खटला चालू असतानाच चेक सरकारने विशेष शाळांची पाटी बदलली होती; भिंती त्याच, नाव नवे. त्या मुलांसाठी ठेवलेला कमी अभ्यासक्रम अखेर रद्द झाला तो सप्टेंबर २०१६ पासून. निकालानंतर जवळजवळ नऊ वर्षांनी!

बोस्नियाचे उदाहरण तर याहून कठीण. त्या देशाच्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्षमंडळाची निवडणूक केवळ तीन प्रमुख समाजांनाच लढविता येते. देर्वो सेदिच हे रोमा गृहस्थ आणि याकोब फिंची हे ज्यू गृहस्थ न्यायालयात गेले आणि २२ डिसेंबर २००९ रोजी जिंकले. त्यानंतर दीड दशक उलटले तरी घटनेतील तो भेद तसाच राहिला होता. न्यायालयापुढे अर्जांची रांगही मोठी. २०२४ च्या अखेरीस सुमारे साठ हजार अर्ज निकालाविना पडून होते.

मग ही परिषद कुचकामी म्हणायची काय? तसे नाही. लष्करी राजवटीतील ग्रीसला १९६९ साली परिषदेतून बाहेर पडावे लागले आणि लोकशाही आल्यावर १९७४ साली तो परतला. युक्रेनवर आक्रमण करणाऱ्या रशियाला मार्च २०२२ मध्ये काढून टाकण्यात आले. पण बाहेर काढलेल्या देशातील पीडितालाही मग ते दार बंद होते, हेही विसरता येत नाही. आमचे सांगणे एवढेच की, दार उभारणे सरकारांचे काम असेल. ते ठोठावणे आणि मिळालेला निकाल घरापर्यंत आणणे हे संघटित समाजाचेच काम आहे.

हंगेरीत 'जयभीम'

ही गोष्ट हंगेरीतील काही रोमा बांधवांनी ओळखली आणि त्यांना वाट दाखविली ती आपल्या बाबासाहेबांनी. यानोश ओर्शोश आणि टिबोर देर्दाक या दोन शिक्षक-कार्यकर्त्यांच्या हाती बाबासाहेबांचे चरित्र आले. त्यांनी महाराष्ट्रात येऊन बौद्ध वस्त्या, वसतिगृहे पाहिली. २००७ साली त्यांनी 'जयभीम' नावाने संघटना उभी केली आणि ईशान्य हंगेरीतील शायोकाझा या गावी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा चालविली. इतर शाळांनी ज्यांच्यावर फुली मारली होती अशी रोमा मुले तेथे शालान्त परीक्षेची तयारी करू लागली. धम्माचा स्वीकारही त्यांनी केला.

स्ट्रासबूर्गचे न्यायालय सांगते की रोमा मुलाला वेगळे काढू नका. शायोकाझाची शाळा त्या मुलाला सांगते की तू शिक. पहिल्याशिवाय दुसरे अवघड आणि दुसऱ्याशिवाय पहिले पोकळ.

आपल्याकडे काय?

आपल्या उपखंडातही प्रादेशिक सहकार्याची संघटना आहे. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाका येथे सार्कची स्थापना झाली. कोलंबोत तिचे सांस्कृतिक केंद्र आहे. बुद्धाच्या जन्माची, ज्ञानप्राप्तीची आणि परिनिर्वाणाची भूमी, तक्षशिला आणि अनुराधपूर ही सारी या सदस्य देशांत आहेत. तरीही सार्कच्या सनदेतच लिहिले आहे की, निर्णय एकमताने व्हावेत आणि दोन देशांतील वादाचे विषय चर्चेला घेऊ नयेत. २०१४ साली काठमांडूला शिखर परिषद भरली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली. दक्षिण आशियातील पीडिताला दाद मागता येईल असे न्यायालय या संघटनेने उभारलेले नाही. जातीची व्यथा भारत, नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका अशी सीमा ओलांडून पसरलेली आहे. उपाय मात्र सीमेपाशी अडतो.

बाबासाहेबांची नजर या सीमेपलीकडे गेली होती. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून त्यांनी ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांनीही तसे करावे असे त्यांच्या मनात घोळत होते. पुढे २००२ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने, जन्मावरून होणाऱ्या भेदात जातीचाही समावेश होतो, असे स्पष्ट केले. भारत सरकारने मात्र ही व्याख्या मानलेली नाही, आणि भारतीय नागरिकाला त्या समितीकडे व्यक्तिगत तक्रार करण्याची मुभाही दिलेली नाही.

म्हणून आपल्याला आज आपल्याच घटनेचे दार आहे आणि ते लहान नाही. ते ठोठावण्याची रीत मात्र ओस्त्रावाच्या मायबापांकडून शिकण्यासारखी आहे. माता-भगिनींनो, मुलाच्या शाळेतून कागद आला तर वाचल्यावाचून सही करू नका. समजले नाही तर शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. वर्गात, वसतिगृहात, शिष्यवृत्तीत आपल्या मुलांना वेगळे काढले जात असेल तर नुसती हळहळ नको. किती मुले, कोणती तारीख, काय सबब, हे वहीत लिहून ठेवा. महिला मंडळांनी आणि तरुण मंडळांनी वस्तीतील असे आकडे एकत्र करावेत. एका मुलाचे दुःख लोक योगायोग म्हणून झटकतात. वस्तीची मोजदाद झटकता येत नाही. ओस्त्रावाचा खटला जिंकला गेला तो याच मोजदादीवर.

शिक्षण, संघटन आणि संघर्ष ही त्रिसूत्री आपल्या भिंतीवर आहेच. आपल्यापासून हजारो मैलांवर, पाण्याला 'पानी' म्हणणाऱ्या मुलांनी ती आपल्या शाळेच्या दारावर लावली. आपल्या दाराकडेही आपण एकदा नीट पाहावे.

जयभीम!